दोघांचे पगार, दोन रिटर्न: आयकर ई-फायलिंग पोर्टलची पारख

लग्न झालं की रेशनकार्ड एक होतं, सोसायटीच्या नोंदवहीत कुटुंब एक होतं. आयकर खात्याच्या हिशेबात मात्र दोन माणसं दोनच राहतात. पगारदाराच्या नेहमीच्या आयटीआर-१ फॉर्ममध्ये वडिलांचं नाव विचारतात, जोडीदाराचं विचारत नाहीत. भारतात नवरा-बायकोला मिळून एक रिटर्न भरता येत नाही. प्रत्येकाचा पॅन वेगळा, करमुक्त मर्यादा वेगळी आणि रिटर्नही वेगळं. घरातला दुसरा माणूस कमवायला लागला की ही गोष्ट पहिल्यांदा अंगावर येते. ठाण्यात आणि नवी मुंबईत असं रोज घडतं: मूल शाळेत जायला लागल्यावर बायको ऐरोलीच्या आयटी पार्कात रुजू होते, किंवा नोकरी सुटलेला नवरा वर्षभरानंतर वागळे इस्टेटमधल्या कंपनीत लागतो. मग जुलै आला की दोघं मिळून एकाच लॅपटॉपसमोर बसतात.

अशा जोडप्याला खात्याचं मोफत ई-फायलिंग पोर्टल पुरतं का, हे इथे तपासलं आहे. सध्याचं पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झालं. पुढचे आकडे आणि कलमं आर्थिक वर्ष २०२५-२६ ची, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या रिटर्नची आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशेब मात्र १९६१ च्या कायद्यानेच होतो.

आमचं मत आधीच सांगतो: एका पगारदार माणसासाठी पोर्टल उत्तम आहे. जोडप्यासाठी ते पाचपैकी साडेतीन गुणांचं आहे. कापलेला दीड गुण कुठे गेला, ते पुढे सविस्तर येईल.

सुरुवात सगळ्यात मोठ्या गैरसमजापासून. 'ती कमवायला लागली की माझा कर वाढेल', ही भीती कितीतरी घरांत असते. ती निराधार आहे. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदाराला आधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७अ च्या सवलतीने कर शून्यावर येतो.

समजा, नवऱ्याचा वार्षिक पगार १५ लाख आहे. वजावटीनंतर १४,२५,००० उरतात. त्यावर पहिल्या टप्प्याचे २०,०००, दुसऱ्याचे ४०,००० आणि वरच्या २,२५,००० वर १५ टक्क्यांनी ३३,७५०, असे ९३,७५० होतात. ४ टक्के उपकर धरून ९७,५००. आता बायकोला वर्षाला ६ लाखांची नोकरी लागली. तिचं करपात्र उत्पन्न ५,२५,०००, त्यावर कर ६,२५० आणि सवलतीनंतर शून्य. नवऱ्याचा कर ९७,५०० च राहिला. हेच २१ लाख एकट्याने कमावले असते, तर २,१४,५०० भरावे लागले असते. दुसरी कमाई स्वतःच्या टप्प्यांमधून स्वतंत्र चढते, पहिल्याच्या डोक्यावर बसत नाही.

हे गणित पोर्टलवरच्या उत्पन्न व कर गणकात लॉगिन न करता तपासता येतं. ही सोय खरंच चांगली आहे. जुनी (घरभाडं, गुंतवणूक अशा वजावटी देणारी) आणि नवी प्रणाली शेजारी-शेजारी दिसते. दोघांनी आपापले आकडे वेगळे टाकून पाहावेत, कारण प्रणालीची निवडही ज्याची त्याने करायची असते. नवऱ्याला घरभाडं आणि कलम ८०क (पीएफ, शाळेची फी अशा खर्चांची वजावट) यांमुळे जुनी परवडत असेल आणि बायकोला नवी, तर तसं खुशाल करावं. पगारदाराला दर वर्षी रिटर्नमध्येच निवड बदलता येते, कंपनीला आधी काही वेगळं सांगितलं असलं तरी. अट एकच: जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत गेलं पाहिजे. उशीर झाला की नवीच प्रणाली लागू होते.

इथे पोर्टलची पहिली चूक दिसते, ती भाषेची. प्रश्न असा येतो की, नव्या प्रणालीतून बाहेर पडण्याचा पर्याय वापरायचा आहे का? 'हो' म्हटलं की जुनी प्रणाली लागते. नवी हवी असलेले कितीतरी जण घाईत 'हो' दाबतात आणि पुढच्या पानावर कर दिसला की दचकतात. पहिल्यांदा रिटर्न भरणाऱ्याने हा प्रश्न दोनदा वाचावा.

दुसरा गैरसमज पहिल्याइतकाच महाग पडतो: 'तिला कर नाही, मग रिटर्न कशाला?' रिटर्न भरण्याची सक्ती सवलतीनंतरच्या करावर ठरत नाही, उत्पन्नावर ठरते. नव्या प्रणालीत उत्पन्न ४ लाखांपुढे गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. ६ लाखांचा पगार असलेल्या बायकोने ३१ जुलैची मुदत चुकवली, तर कर नसतानाही ५,००० रुपये विलंब शुल्क लागू शकतं. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर ते १,००० असतं. नोकरी ऑक्टोबरात लागली, दरमहा ४५,००० प्रमाणे सहा महिन्यांत २,७०,००० मिळाले आणि दुसरं उत्पन्न नाही, तर सहसा सक्ती नसते. तरीही टीडीएस (पगारातून किंवा व्याजातून आधीच कापला जाणारा कर) कापला गेला असेल, तर तो परत मिळवायला रिटर्नच लागतं. प्रमाणित वजावट महिन्यांच्या हिशेबाने कमी होत नाही. सहा महिने काम केलं तरी पूर्ण ७५,००० मिळतात.

नोकरी लागण्याआधीच एक काम उरकायला हवं, पॅनचं. दहा वर्षं कपाटात पडलेलं पॅन कार्ड आधारशी जोडलेलं नसेल, तर ते १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय असण्याची शक्यता मोठी. निष्क्रिय पॅनवर पगारातून २० टक्क्यांच्या चढ्या दराने टीडीएस जाऊ शकतो आणि परतावाही अडतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर आधार जोडणीची स्थिती पाहण्याची लिंक आहे, त्याला लॉगिन लागत नाही. जोडणी राहिली असेल, तर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्स या सोयीतून १,००० रुपये शुल्क भरून ती करता येते. नावात फरक असेल तर जोडणी फसते: पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असं आयकर कायदा म्हणत नाही. फक्त पॅन, आधार आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव हवं. माहेरचं ठेवा किंवा सासरचं, पण तिन्हीकडे तेच. बँकेतलं नाव जुळलं नाही तर पोर्टलवर खात्याची पूर्वपडताळणी होत नाही, आणि ती झाल्याशिवाय परतावा जमा होत नाही.

मोबाइल क्रमांकाचंही तेच. बायकोच्या आधारला नवऱ्याचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असतो आणि ओटीपी तिकडेच जातो. हे ३० जुलैला कळलं तर हाती काही उरत नाही. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचं काम एप्रिलमध्येच करावं.

लॉगिनला पॅन हाच आयडी असतो. रिटर्न उघडलं की पगार, व्याज, टीडीएस असे बहुतेक आकडे आधीच भरलेले दिसतात. ते येतात कंपनीच्या टीडीएस विवरणातून आणि बँकांनी खात्याला पाठवलेल्या माहितीतून. पोर्टलचं मोठं बळ यातच आहे. ज्या पगारदाराचं एकच फॉर्म-१६ (पगार आणि टीडीएसचं कंपनीने दिलेलं प्रमाणपत्र) आहे आणि बचत खात्याचं थोडं व्याज आहे, त्याचं रिटर्न अर्ध्या तासात होतं. मात्र बँका आणि कंपन्या आपली शेवटच्या तिमाहीची विवरणं ३१ मे पर्यंत देतात आणि फॉर्म-१६ देण्याची मुदत १५ जून आहे. त्याआधी रिटर्न भरायला बसलात, तर आधी भरलेले आकडे अर्धवट असतात. जूनचा शेवटचा आठवडा सगळ्यात चांगला.

आता कापलेल्या गुणांकडे. पोर्टल पॅन ओळखतं, घर ओळखत नाही. पैसा मुळात कोणाचा होता, हा प्रश्न ते विचारत नाही आणि जोडप्यांची खरी गफलत तिथेच होते.

नेहमी दिसणारी परिस्थिती घ्या. बायको घरी होती तेव्हा नवऱ्याने तिच्या नावावर ५ लाखांची मुदत ठेव केली. ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० व्याज. तिच्या पॅनवर ते दिसतं, तिच्या वार्षिक माहिती विवरणात म्हणजे एआयएसमध्ये येतं आणि तिच्या रिटर्नमध्ये आपोआप भरलं जातं. तिने 'पुढे' दाबलं की तिचा कर शून्य. पण कायद्याने ते व्याज नवऱ्याचं आहे. पती-पत्नी एकमेकांना पैसे भेट देऊ शकतात आणि त्या भेटीवर कर नाही. मात्र भेट दिलेल्या पैशातून येणारं उत्पन्न कलम ६४(१)(iv) प्रमाणे देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. वरच्या उदाहरणातल्या नवऱ्यासाठी त्याचा अर्थ ३५,००० वर १५ टक्के, म्हणजे ५,२५० आणि उपकर धरून ५,४६०. रक्कम छोटी वाटते. पण उत्पन्न कमी दाखवल्याचा ठपका आला तर कलम २७०अ खाली त्या करावर ५० टक्के दंड असतो आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर २०० टक्के. शिवाय व्याज वेगळं.

म्युच्युअल फंडाची एसआयपी नवऱ्याच्या खात्यातून आणि फोलिओ म्हणजे फंडाचं खातं बायकोच्या नावावर, असं असेल तर विक्रीवरच्या नफ्यालाही हाच नियम लागतो. नवऱ्याने विकत घेतलेला खारघरचा फ्लॅट मोबदला न घेता बायकोच्या नावावर केला, तरी कलम २७ नुसार घराच्या उत्पन्नापुरता मालक तोच मानला जातो. हे नियम उलट्या दिशेनेही तसेच चालतात. बायकोने नवऱ्याला दिलं तर उत्पन्न बायकोचं.

एक बारकावा इथे उपयोगाचा आहे आणि पुष्कळ सल्लागारही तो सांगत नाहीत. मिळवलं जातं ते मूळ भेटीवरचं उत्पन्न. त्या उत्पन्नावरचं उत्पन्न नाही. पहिल्या वर्षाचे ३५,००० बायकोने वेगळ्या ठेवीत ठेवले, तर त्यांवरचे २,४५० रुपये तिचे स्वतःचे. म्हणून मूळ ठेव आणि व्याजाची ठेव वेगळी ठेवावी. एकाच संचयी ठेवीत दोन्ही मिसळलं की नंतर सुटं करता येत नाही.

मग पोर्टलवर हे कसं दाखवायचं? बायकोच्या एआयएसमध्ये त्या व्याजाच्या नोंदीवर प्रतिसादाचा पर्याय असतो. त्यात 'ही माहिती दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे' हा पर्याय निवडून नवऱ्याचा पॅन द्यावा. नवऱ्याने आयटीआर-२ (आयटीआर-१ पेक्षा सविस्तर फॉर्म) भरून एसपीआय नावाच्या परिशिष्टात बायकोचं नाव, पॅन, नातं, रक्कम आणि उत्पन्नाचा प्रकार लिहावा. त्या व्याजावर बँकेने बायकोच्या पॅनवर टीडीएस कापला असेल, तर त्याचं श्रेय नवऱ्याकडे वळवायला नियम ३७बीए आहे. बँकेला आधी तसं लेखी कळवायचं आणि टीडीएसच्या परिशिष्टात 'दुसरी व्यक्ती' हा पर्याय घ्यायचा. हे काम किचकट आहे. पोर्टलवर सगळ्या जागा आहेत, पण एकही जागा स्वतःहून समोर येत नाही. कुठे बोट ठेवायचं ते माहीत असलेल्यालाच त्या सापडतात. दीड गुण याचेच कापले.

त्याच टीडीएस परिशिष्टात एक सापळाही आहे. तिथे 'कलम ५अ नुसार जोडीदार' असा पर्याय दिसतो आणि ठाण्यातल्या जोडप्याला वाटतं, हाच आपला. तो आपला नाही. कलम ५अ पोर्तुगीज नागरी कायदा लागू असलेल्या जोडप्यांसाठी आहे, म्हणजे गोवा, दमण-दीव, दादरा-नगर हवेली इथल्या. त्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं. फॉर्ममध्ये पोर्तुगीज कायद्याबद्दल थेट प्रश्न आला तर उत्तर 'नाही'. चुकून 'हो' झालं की नवं परिशिष्ट उघडतं आणि उत्पन्न अर्धं करून मागतं.

मुलांच्या नावावरच्या ठेवींचंही लक्षात घ्यावं. अल्पवयीन मुलाचं व्याज ज्या पालकाचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात जातं. एकदा एका पालकाकडे मिळवलं की पुढच्या वर्षी बायकोचा पगार नवऱ्यापेक्षा जास्त झाला म्हणून मनाने बदलायचं नसतं. ते त्याच पालकाकडे चालू ठेवावं.

नवऱ्याच्या दुकानात किंवा फर्ममध्ये बायकोला पगार सुरू केला, तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात जातो. अपवाद तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असण्याचा आणि पगार त्या ज्ञानासाठीच मिळण्याचा. सीए झालेल्या बायकोने हिशेब सांभाळले तर चालतं. कागदावर 'व्यवस्थापक' लिहून चालत नाही.

या सगळ्यातून सुटण्याचा सरळ मार्ग पोर्टलच्या बाहेर आहे आणि तो नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून धरावा. ज्याचा टप्पा वरचा, त्याच्या पगारातून घरखर्च जावा: सोसायटीची देखभाल, किराणा, शाळेची फी, लोकलचे पास. ज्याचा टप्पा खालचा, त्याच्या पगारातून त्याच्याच नावावर गुंतवणूक व्हावी. तिच्या पगाराची ठेव तिच्या नावावर, मग व्याजही तिचंच, आणि मिळवणीचा प्रश्नच येत नाही. त्यासाठी पगाराची खाती वेगळी असावीत. संयुक्त खातं हवंच असेल तर ते घरखर्चापुरतं ठेवावं आणि दोघांनी त्यात ठरावीक रक्कम टाकावी. दोघांचे पगार एकाच खात्यात पडून तिथूनच एसआयपी जात असेल, तर पाच वर्षांनी कोणता पैसा कोणाचा हे सिद्ध करणं फार अवघड जातं.

आणखी एक गोष्ट विसरली जाते, फॉर्म १५जी. घरी असताना तिने बँकेत दर एप्रिलला १५जी देऊन व्याजावरचा टीडीएस थांबवला असेल. नोकरी लागल्यावर वर्षाचा अंदाजित कर शून्य राहणार नसेल, तर हा फॉर्म देणं चूक आहे. एरवी बँक एका वर्षात ५०,००० पेक्षा जास्त व्याजावर १० टक्के टीडीएस कापते. तो टीडीएस २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात) दिसतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो, पैसे कुठे जात नाहीत. नव्या कंपनीला व्याजाची माहिती आणि आधीच कापलेला टीडीएस फॉर्म १२बीएएमध्ये कळवता येतो. म्हणजे पगारातून कर एकसारखा जातो आणि जुलैत एकदम भरणा करावा लागत नाही.

जुन्या प्रणालीत राहणाऱ्यांसाठी ठाणे-नवी मुंबईचा एक मुद्दा महत्त्वाचा आहे, घरभाडं. एचआरए म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याची सूट तीन रकमांपैकी सर्वांत कमी असेल तेवढी: मिळालेला एचआरए, भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के, आणि मूळ पगाराचे ५० किंवा ४० टक्के. २०२५-२६ साठी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला. ठाणे आणि नवी मुंबई म्हणजे मुंबई नव्हे, तिथे ४० टक्के. आणि मोजायचं ते राहतं घर कुठे आहे यावरून, ऑफिस कुठे आहे यावरून नाही. मूळ पगार महिना ६०,०००, एचआरए ३०,००० आणि भाडं ३२,००० असेल, तर मुलुंडमध्ये राहणाऱ्याला ३,१२,००० ची सूट मिळते. टोलनाक्याच्या अलीकडे, ठाण्यात राहणाऱ्याला २,८८,०००. ऑफिस बीकेसीत असलं की पगार विभाग कधीकधी ५० टक्के धरतो. फॉर्म-१६ आला की हा आकडा तपासा. आता रिटर्नमध्ये एचआरएचा तपशील मागितला जातो, त्यामुळे चूक आपल्याच सहीने जाते.

दोघांनाही एचआरए मिळत असेल आणि घर एकच असेल, तर दोघांनी पूर्ण भाडं दाखवणं साफ चूक. ज्याने जेवढं भाडं खरंच भरलं तेवढंच. भाडेकरारावर दोघांची नावं असावीत आणि प्रत्येकाने आपला वाटा स्वतःच्या खात्यातून घरमालकाला द्यावा. वर्षाला १ लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन लागतो.

गृहकर्जाचंही असंच. दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील, तर जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट प्रत्येकाला वेगळी मिळते, म्हणजे घरात ४ लाख. पण नोकरी लागल्यावर बायकोचं नाव फक्त कर्जात घातलं आणि फ्लॅटचा करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर राहिला, तर तिला काहीच मिळत नाही. आधी इंडेक्स-२ (घराच्या नोंदणीचा सरकारी उतारा) काढून मालकीत नाव आहे का ते पाहा. हप्ताही तिच्या खात्यातून जायला हवा. फॉर्म आता कर्ज देणारी बँक, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख आणि शिल्लक कर्ज असा तपशील मागतो, त्यामुळे बँकेचं व्याज प्रमाणपत्र हाताशी ठेवूनच बसावं. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट नाही.

८०क मध्ये मुलांच्या शाळेच्या शिक्षण शुल्काचा नियम जोडप्याच्या फायद्याचा आहे. मर्यादा प्रत्येक पालकामागे दोन मुलांची. पहिल्याची दीड लाखाची मर्यादा पीएफनेच भरली असेल, तर शाळेची फी दुसऱ्याने भरावी आणि दुसऱ्याने दाखवावी. एकच पावती दोघांनी वापरायची नाही.

पगारपत्रकातल्या व्यवसाय कराचा पोर्टलशी संबंध नाही, तो राज्याचा कर आहे. पण पहिल्या पगारात तपासून घ्यावा. महाराष्ट्रात महिला कर्मचाऱ्याला महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. त्यापुढे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५००. पुरुषांना ही सूट फक्त ७,५०० पर्यंत आहे. २२,००० पगाराच्या बाईंच्या पत्रकात २०० कापलेले दिसले, तर लगेच पगार विभागाला विचारावं.

पोर्टलवर दोन रिटर्न भरताना वापराच्या काही अडचणी येतात. दोन पॅन एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये उघडू नयेत. एकाचं काम पूर्ण करून बाहेर पडावं किंवा दुसऱ्यासाठी वेगळा ब्राउझर वापरावा. मसुदा जपला जातो, पण प्रत्येक परिशिष्टाला 'पुष्टी' केल्याशिवाय पुढे जाऊ नये. एआयएसची उतरवलेली पीडीएफ पासवर्ड मागते. तो असतो लहान अक्षरांत पॅन आणि मग जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष सलग. कर उरला तर ई-पे टॅक्समध्ये 'स्वयंनिर्धारण कर' निवडा आणि करनिर्धारण वर्ष नीट पाहा. एका वर्षाचा कर दुसऱ्या वर्षात गेला, की तो दुरुस्त करण्यात महिने जातात. बायकोचा कर नवऱ्याच्या खात्यातून भरला तरी चालतो, पण चलन तिच्या पॅनवर हवं.

रिटर्न पाठवलं म्हणजे काम झालं, असं नाही. ३० दिवसांच्या आत पडताळणी झाली नाही, तर ते मुदतीत भरलेलं धरत नाहीत. आधार ओटीपीने ती दोन मिनिटांत होते. जोडप्यांत एकाचं हमखास राहतं, कारण दुसऱ्याचा फोन तेव्हा ऑफिसात असतो. दोघांच्या डॅशबोर्डवर 'पडताळणी झाली' असं दिसल्यावरच लॅपटॉप मिटावा. मदतकेंद्राचे मोफत क्रमांक १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५ आहेत. तांत्रिक अडचणीसाठी ते उपयोगी आहेत, सल्ल्यासाठी नाहीत. वाशी किंवा ठाण्याच्या आयकर कार्यालयात रिटर्न घेऊन जाण्याची गरज पगारदाराला पडत नाही. ती सगळी प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रातून होते.

मग सल्लागाराकडे कधी जावं? दोघांचे फक्त पगार आणि आपापल्या नावावरचं थोडं व्याज असेल, तर जाऊ नये. पोर्टल पुरेसं आहे आणि फुकट आहे. जोडीदाराच्या नावावर आपल्या पैशाच्या ठेवी, शेअर किंवा घर असेल, किंवा नवी कमाई पगाराची नसून डबे, शिवणकाम अशा घरगुती धंद्याची असेल, तर मात्र जावं. नौपाड्यात, वाशीत, पनवेलमध्ये जुलैत जागोजागी 'रिटर्न भरून मिळेल' असे फलक लागतात. परतावा किती मिळवून देऊ हे आधीच सांगणाऱ्याकडून उठून यावं. न दिलेल्या देणग्या आणि न भरलेलं भाडं दाखवून मिळवलेला परतावा व्याज आणि दंडासह परत करावा लागतो, आणि जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

जाताना दोघांची कागदं एकत्र न्यावीत: दोन्ही फॉर्म-१६, दोन्ही एआयएस, दोन्ही २६एएस, वर्षभराचे खातेउतारे, ठेवींची यादी आणि प्रत्येक ठेवीपुढे पैसा कोणाच्या खात्यातून गेला याची पेन्सिलने केलेली नोंद. समोरच्याने ही यादी पाहून 'ही ठेव कोणाच्या पैशाची?' असं विचारलं, तर त्याला काम कळतं. एकाच पॅनचं फॉर्म-१६ घेऊन टाइप करायला बसला, तर तो पोर्टलइतकंच करणार आहे, तेही पैसे घेऊन.